नववी ‘ब’च्या सनदेतली कोरी जागा

प्रिय वनिता,

‘प्रिय’ हा शब्द लिहिला आणि मी चहा करायला उठले. परत येऊन पाहिलं तर तो तिथेच होता. म्हटलं, राहू दे.

काल दुपारी मी तुझ्या नंदाशी खोटं बोलले. म्हणून हे पत्र. नाहीतर तुला जाऊन सव्वा महिना झाला तरी मी एक ओळ लिहिली नव्हती, आणि लिहिणारही नव्हते. एकाच शाळेत, एकाच स्टाफरूममध्ये आपण इतकी वर्षं समोरासमोर बसलो. त्यात धड बोललो ती दोन-तीन वर्षं. शाळेत मी तुला ‘अहो वनिताबाई’ म्हणायची. इथे अगं-तुगं करते आहे. चालवून घे, नाहीतरी माझं सगळंच तू चालवून घेत आलीस.

नंदा आठवते ना? विसरशील कशी! नववी ‘ब’मधली, दोन वेण्यांची, बाकाला कधी पाठ न टेकणारी. आता कळंबच्या अलीकडच्या गावची सरपंच आहे. स्कूटीवरून आली, हेल्मेट हातात, उंबऱ्यातच उभी.

“बाई, बसत नाय. एकच काम हाय. आमी कळंबला वनिताबाईंच्या नावानं वाचनालय काढतोय. दाराशी आमची सनद लावायची हाय. ती तुमच्याकडंच असंल ना?”

“कसली सनद?”

“नववीतली. तुमी ठेवून घेतली होती ती.”

“ती होय? फाडून टाकली गं मी. कधीच.”

तिने वाद घातला नाही. “बरं,” म्हणाली. फाटकापाशी जाऊन वळली. “रविवारी उद्घाटन हाय बाई. या तुमी. कागद नसला तरी या.”

नसला तरी! म्हणजे तिला कळलं होतं. मुख्याध्यापिका असताना मी मुलांचं खोटं चेहऱ्यावरून ओळखायची, आणि काल माझं खोटं माझ्याच विद्यार्थिनीने ओळखलं. वर मला माफही करून गेली! हे असलं तूच शिकवलंयस त्यांना. माझ्याकडून नक्कीच शिकली नाही.

कागद माझ्या कपाटात आहे, वनिता. रेशमी साड्यांच्या खाली, जुन्या उशीच्या अभ्र्यात. ती गेल्यावर मी तो काढला आणि टेबलावर पसरला. आत्ताही समोर आहे. घड्यांवर जरा विरलाय, एवढंच.

आता खरं सांगू का? मला तुझा हेवा वाटतो. ‘वाटायचा’ नाही, वाटतो. माणूस गेल्यावर हेवा संपतो असं लोक म्हणतात, ते लोक तुझ्या तेराव्याला आले नसावेत.

मी आले होते. अगदी मागच्या खुर्चीवर. मंडप पुरला नाही म्हणून पोरं बाहेर चपलांजवळ उभी होती. पोरं कसली, चाळिशीला आलेली माणसं! भिवपुरीच्या पॉवर हाउसच्या क्वार्टर्समधली मुलं आली होती, कोंडाण्याची आली होती, एक जण खोपोलीच्या कारखान्यातली पाळी बदलून आला होता. तो मिशाळ माणूस उभा राहिला आणि फोटोकडे बघत म्हणाला, “कलम एक. ऐकून घेतल्याशिवाय कुणालाही शिक्षा होणार नाही.” मागून चार-पाच आवाज आले, “कलम दोन. एकाच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाला शिक्षा होणार नाही.” सगळा मंडप रडत होता आणि मी मनात मोजत होते की माझ्या निरोप समारंभाला किती जण होते. शाल, नारळ, तीन भाषणं. चहा येईपर्यंत निम्मी खोली रिकामी.

आणि त्या मंडपात एकालाही ठाऊक नव्हतं की ते सगळं मूळचं माझं होतं!

होतं ना गं? सांग. तुला इतिहास दिला त्या वर्षी अमेरिकेचा धडा उघडून तूच माझ्याकडे आली होतीस. “बाई, ह्या पुस्तकात नुसती नावं हायत. हे लोक असं का वागले ते कुठंच नाय. तुमच्याकडं इंग्रजीतलं काही असंल तर सांगा ना मला.” शिकवताना तुझी भाषा छापील असायची, पण काही मनापासून हवं असलं की तुझं ‘हाय-नाय’ बाहेर पडायचं. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. मी वकिलाची मुलगी, घाटावरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. तू कळंबच्या शेतकऱ्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेतली. माझ्याकडे जाडजूड इंग्रजी ग्रंथ होते. तुझ्याकडे प्रश्न होते.

मधल्या सुट्टीत मी वाचायची, मराठीत सांगायची, तू डबा खाता खाता ऐकायचीस. मी सांगितलं की बाराशे पंधरा साली नदीकाठच्या एका कुरणावर सरदारांनी इंग्लंडच्या राजाला घेरलं आणि त्याच्याकडून एक सनद घेतली, मॅग्ना कार्टा. राजालाही कायदा लागू, आणि न्यायनिवाड्याशिवाय कुणाही स्वतंत्र माणसाला कैद नाही. राजाने काही आठवड्यांतच शब्द फिरवला, पण कागद उरला. चारशे वर्षांनी इंग्लंडातल्या वकिलांनी तोच झटकून बाहेर काढला आणि दुसऱ्या एका राजापुढे धरला. पुढे आणखी एक राजा पळून गेला, तेव्हा नव्या राजाराणीला गादी देताना संसदेने हक्कांची यादीच पुढे ठेवली.

“आणि हे अमेरिकेत कसं पोचलं?” तू विचारलंस.

“बोटीतून,” मी म्हणाले. तिथे वसाहती करायला गेलेल्या लोकांना राजानेच सनदा दिल्या होत्या. तुम्ही आणि तुमची मुलं समुद्रापार जन्मली तरी तुमचे हक्क इंग्लंडात जन्मलेल्यांइतकेच, असं त्यात लिहिलं होतं. एका बोटीतल्या लोकांनी तर किनाऱ्याला पाय लावण्याआधीच आपसात करार लिहिला, की आपले नियम आपणच करू आणि पाळू.

मग मी तुला ते विचारवंत सांगितले. एक इंग्रज होता. तो म्हणे, जगण्याचा, स्वातंत्र्याचा, मालमत्तेचा हक्क माणूस जन्मतःच घेऊन येतो, राजा देतो म्हणून मिळत नाही. सरकार लोकांच्या संमतीने चालतं, आणि त्याने विश्वास मोडला तर लोकांना ते बदलता येतं. दुसरा फ्रेंच न्यायाधीश. तो म्हणे, कायदे करणारा, ते चालवणारा आणि न्याय देणारा हे तिघं वेगळे हवेत. सगळी नावं, सगळी सालं मी तुला लिहून दिली. स्वच्छ अक्षरात, दोन फुलस्केप.

आणि तू काय केलंस? वर्गात एकही नाव सांगितलं नाहीस!

मी व्हरांड्यातून जात होते. तू विचारत होतीस, “गावच्या भंडाऱ्यात जेवण शिजवणारा, वाढणारा, आणि पंगतीत कुणी उपाशी राहिलं का ते बघणारा, तिन्ही एकच माणूस असला तर काय होईल?”

“त्याच्या घरच्यांना बुंदी जास्त!” मागच्या बाकावरून आवाज. सगळा वर्ग हसला.

“आणि तक्रार कुणाकडे करणार?”

“त्याच्याकडंच! म्हणजे मग गेलीच बुंदी.”

“हां. तर एका फ्रेंच माणसाला हेच कळलं होतं, आणि अमेरिकेने ते आपल्या राज्यघटनेत लिहून ठेवलं.”

मी तिथेच उभी राहिले. सिस्टरांनी आमच्याकडून इंग्लंडचे राजे क्रमाने पाठ करून घेतले होते, एक चुकला की बोटांवर पट्टी. हक्कांचा सगळा धडा आम्ही हाताची घडी घालून ऐकला होता. त्यात विचित्र काही आहे असं मला चाळिशीपर्यंत वाटलं नव्हतं. तुझी बुंदी ऐकली आणि वाटलं. त्याबद्दल तुझे आभार मानायला हवे होते. मी स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, “वनिताबाई, इतिहास म्हणजे भंडारा नव्हे. परीक्षेत सालं लागतात.”

“सालं लागतीलच बाई. आधी भूक तर लागू द्या.”

असं हसत बोललीस की मला चिडताही येईना.

आणखी एक गोष्ट मला सलते. मी मोठ्या तोऱ्यात तुला अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा सांगत होते. सगळी माणसं समान, सरकारची सत्ता लोकांच्या संमतीतून, वगैरे. तू डब्याचं झाकण लावलंस आणि म्हणालीस, “बाई, हे लिहिणाऱ्यांच्या घरात गुलाम होते म्हणता. त्यांना कुणी विचारलं? बायांना विचारलं? आधीपासून तिथं राहणाऱ्यांची तर जमीनच गेली.” मी म्हणाले, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. तू म्हणालीस, “परिस्थिती वेगळी असंल. पण कागदावर ‘सगळी’ लिहिलं ना त्यांनी? मग आज ना उद्या कुणीतरी तो कागद घेऊन दारात येणारच.”

हा प्रश्न माझ्या कॉन्व्हेंटात कुणी विचारला नव्हता. मीही नाही. पुस्तक माझं, भाषा माझी, आणि प्रश्न तुझा! कुणाला झोंबणार नाही?

मग तो नकाशा.

उत्तर अमेरिकेचा मोठा, कापडाचं अस्तर लावलेला. मी स्वतः मुंबईहून आणलेला, टॅक्सीत मांडीवर आडवा धरून. एका सकाळी तो नववी ‘ब’च्या भिंतीला मधोमध फाटलेला सापडला. मी कुणाला काही विचारलं नाही. सगळ्या वर्गाला मधल्या सुट्टीभर अंगणात उभं केलं आणि त्यांची कोंडाण्याच्या लेण्यांची सहल रद्द केली. ‘अ’ वर्ग गेला, ‘ब’ वर्ग राहिला. तू माझ्या खोलीत आलीस. “एकदा विचारून तरी बघा बाई.” मी म्हणाले, “तुमचा वर्ग लाडावलाय.”

आठ दिवसांनी तू आणि नंदा हा कागद घेऊन आलात. मोठा पांढरा ड्रॉइंग पेपर, समास आखलेला, वर ठळक ‘नववी ब ची सनद’. कलम तीन, सहल कुठे न्यायची हे वर्गाला विचारून ठरेल. कलम चार, वर्गात कुणी कमी बोलत असेल तर त्यालाही आधी विचारलं जाईल. आणि शेवटचं, कलम पाच: हे नियम मुख्याध्यापिकांनाही लागू आहेत.

खाली चौतीस सह्या. त्याखाली ‘वर्गशिक्षिका’ आणि तुझी सही. शेजारी ‘मुख्याध्यापिका’ आणि कोरी जागा.

नंदाने पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं.

मी काय म्हणाले आठवतं? मला शब्दन् शब्द आठवतो. “राजाने सही केली नव्हती. शिक्का मारला होता. आधी इतिहास नीट शिका.” आणि कागद खणात टाकून खण लावला. बरोबर बोलले होते गं! खरंच शिक्काच मारला होता! आयुष्यात इतकं बरोबर आणि इतकं हलकट मी दुसरं काही बोलले नाही.

ती बाहेर गेल्यावर तू थांबलीस. “तुम्ही यांना बंड शिकवता?” मी ओरडले.

“नाय बाई. तुमीच सांगितलेलं सांगितलं मी.”

त्या रात्री नाही, कितीतरी वर्षांनी मला कळलं की मला काय बोचलं होतं. त्या अमेरिकेतल्या लोकांनी इंग्लंडच्या राजाला ज्या कागदांनी हरवलं, ते कागद इंग्लंडचेच होते. ते म्हणाले, आमच्या सनदेत लिहिलंय, आमच्या पूर्वजांना मिळालंय, संसदेत आमचा माणूस नाही तर आमच्यावर कर कसला? राजाला ‘हे तुम्ही मनाने रचलंत’ असंही म्हणता येईना. आपल्या घरातून गेलेली गोष्ट परक्या अंगणात आपल्यापेक्षा जास्त वाढली हे बघत बसायचं, याला काय म्हणतात? मी हेवा म्हणते. तू अमेरिका झालीस आणि मी म्हातारं इंग्लंड, वनिता. सगळं माझ्याकडून नेलंस आणि माझ्याशिवाय उभी राहिलीस.

म्हणून पुढच्या जूनच्या वेळापत्रकात मी तुझा इतिहास काढून घेतला. भूगोल आणि कार्यानुभव दिलं. कारण सांगितलं, सालं कच्ची राहतात. तू वेळापत्रक वाचलंस आणि म्हणालीस, “बरं बाई. नकाशा तरी हातात मिळेल ना?”

आणि भूगोलाच्या तासाला, तोच चिकटवलेला नकाशा टांगून, “हा अटलांटिक. ह्या पाण्यावरून काय काय गेलं सांगा.”

“माणसं!” “तंबाखू!” “गुलाम गेले बाई.”

“हां. आणि एक कागद गेला.”

मी व्हरांड्यातच होते. तुझ्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात माझा जितका वेळ गेला तितका माझ्या खोलीत गेला नसेल.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. त्याच वर्षी मे महिन्यात आपला शिपाई गणपत माझ्या दारात येऊन रडला. नकाशा त्याच्याकडून फाटला होता. गुंडाळताना कपाटाच्या बिजागरीत अडकला, त्याने ओढला, घाबरून तसाच टांगून ठेवला. मी त्याला पाणी दिलं. “जाऊ दे, झालं ते झालं,” म्हणाले. गणपतला एका मिनिटात माफ केलं. पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्या चौतीस मुलांना ‘तुमचा दोष नव्हता’ एवढं सांगायला माझं तोंड उघडलं नाही. सांगितलं असतं तर सही करावी लागली असती. ती दहावीत गेली, मग पांगली. नंदाला अजून माहीत नाही.

तुला माहीत नाही, असं मी समजत होते.

तेराव्याला निघताना तुझी मेघा मला फाटकापर्यंत सोडायला आली. डोळे सुजलेले पोरीचे. म्हणाली, “आई तुमच्याबद्दल नेहमी बोलायची. नकाशाचं गणपतकाकांनी तिलाही सांगितलं होतं. आम्ही म्हणायचो, मग तू मुलांना सांगून टाक ना. तर म्हणायची, ते बाईंनी सांगायचंय. सांगतील. मोठ्या मनाच्या हायत.”

मोठ्या मनाच्या! अगं, कुठून काढलंस हे? मी तुझा विषय काढून घेतला, आणि तू मुलीपाशी माझं मन मोठं करून सांगत बसलीस? वीस-बावीस वर्षं वाट पाहिलीस? त्यापेक्षा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मला चार शब्द सुनवायचे होतेस! मी उलटून बोलले असते, भांडलो असतो, आठ दिवसांनी चहा घेतला असता. कलम एक तुझंच ना, ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही? मग मला न ऐकवता, न विचारता ही केवढी शिक्षा देऊन गेलीस! आणि तीन दिवस छातीत दुखल्याचं निमित्त करून पुढे निघूनही गेलीस. तिथेही पहिला नंबर लावलास.

मेघाने आणखी एक केलं. पिशवीतून दोन फुलस्केप काढून माझ्या हातात दिले. माझं अक्षर. नावं, सालं, सगळं. कडेला तुझ्या पेन्सिलीने लिहिलेलं: ‘हे कुमुदबाईंनी समजावलं. मुलांना एकदा सांगायचं.’

सांगितलंस का गं कधी? की हेही माझ्याचसाठी ठेवून दिलंस? बघ, अजूनही मला हेच आधी जाणून घ्यायचंय. मेले तरी सुधारणार नाही मी.

आज सकाळपासून कागद समोर आहे. तीनदा पेन उचललं. कोऱ्या जागेत सही करायची, उशीच्या अभ्र्यात घालून मेघाकडे पाठवून द्यायचा, सुटले. टोपण काढलंही होतं. मग तो राजा आठवला. कसाही असो, खोटारडा, लोभी, पण त्याने शिक्का घरात बसून मारला नव्हता. उघड्या कुरणावर, ज्यांचं देणं लागत होता त्यांच्यासमोर मारला. आणि तुझ्या चौतीस जणांच्या वतीने नंदाही माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. मी घरात बसून काय सही करू?

तर ऐक. रविवारी मी कळंबला येते. रिक्षा सांगितली आहे. रिसॉर्टला जाणाऱ्यांच्या गाड्यांची गर्दी असते म्हणून रिक्षावाला लवकर निघू म्हणाला, लवकर निघेन. आधी नंदाला सांगेन की काल खोटं बोलले. मग सगळ्यांसमोर नकाशाचं सांगेन. गणपतचं नाव घेणार नाही, तो बिचारा गेला. ‘तुमचा दोष नव्हता आणि ते मला माहीत होतं’ एवढंच. मग कोणी हसो, उठून जावो, नंदा तोंडावर काही बोलो. ऐकून घेईन. त्यानंतर त्यांना हवी असेल तर, त्यांना विचारून, सही करेन. शिक्का आता माझ्याकडे नाही, तेव्हा सहीच करावी लागेल. आणि तुझा इतिहास मी सालं कच्ची म्हणून काढला नव्हता, जळले म्हणून काढला होता, हेही तिथेच सांगेन. हे वचन.

हेवा थांबेल असं मात्र वचन देत नाही. पाटीवर तुझं नाव बघून माझ्या पोटात दुखणारच आहे.

पेन माझं मी आणते. शाई निळी की काळी, तेवढं तरी मला ठरवू दे.

तुझी,
कुमुदबाई